थोरल्या बुवांच्या गाडीचं मेण

“आणि मग थोरल्या बुवांचा हात कुठं जाईल, आक्का?”

अनसूयेनं हे विचारलं तेव्हा आक्का चुलीपाशी बसून पावटे सोलत होत्या. हातातली शेंग त्यांनी पुरी सोलली. दाणे सुपात टाकले. टरफल शेळीसाठी बाजूला ठेवलं.

“कुठला हात गं?”

“गाडीवरचा. बॉनेटवरचा.”

“हं...”

एवढंच म्हणून आक्कांनी दुसरी शेंग घेतली. अनसूया उंबऱ्यातच उभी राहिली. तिला उत्तर हवं होतं, आणि उत्तराची भीतीही वाटत होती.

कातळखिंडीचा मठ घाटाच्या मधल्या वळणावर आहे. वर चढणारे तिथं पाणी पितात, खाली उतरणारे हात जोडून पुढं होतात. थोरले बुवा होते तोवर मठात टेकायचे थोडं आणि फिरायचे फार. कुणा भक्तानं आकाशी रंगाची एक जुनी, बुटक्या नाकाची गाडी मठाला दिली होती. ती घेऊन ते वाड्यावस्त्यांवर जायचे. निघायचे कीर्तनाला. वाटेत कुणी तापानं फणफणलेलं दिसलं की कीर्तन राहायचं आणि गाडी दवाखान्याकडं वळायची. लोक मंडपात ताटकळायचे. बुवा उशिरा पोचले की म्हणायचे, “देव थांबतो रे. ताप थांबत नाही.”

गाडी चालवायची अनसूया.

ती लहानपणी आईबापाविना मठात आलेली, मठातच वाढलेली. तालुक्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकली, पण स्वभाव मोठा घाबरट. मागून कुणी हाक मारली तरी दचकायची, पितळी पडली की हात छातीवर जायचा. तिला स्टिअरिंगवर बुवांनीच बसवलं. गावात कुजबूज झालीच, मठाची गाडी आणि पोरगी हाकणार! बुवा म्हणाले, “मला येत नाही. तुम्हाला येत नाही. हिला शिकायचंय. मग कुणी हाकायची, बैलानं?”

आणि नवल म्हणजे गाडीत ती दचकायची नाही. शेजारी बुवा बसलेले असले की समोरून घाटातला अवजड ट्रक येऊ दे, तिचा हात हलायचा नाही.

दर गुरुवारी गाडी धुवायची आणि तिला मेण-पॉलिश करायचं, ही दोघांची पूजा. जायच्या आधीच्या गुरुवारी बुवांना धाप लागत होती. तरी ते आले. डब्यातलं मेण बोटांवर घेतलं आणि बॉनेटवर तळहातानं फिरवलं, सावकाश, जसा म्हाताऱ्या गाईच्या पाठीवर हात फिरवतात तसा. बाकीची गाडी अनसूयेनं केली.

पुढच्या गुरुवारी बुवा नव्हते.

त्यानंतर गाडी शेडमधून निघाली नाही. ती धुतलीही नाही कुणी. धुतली तर बुवांचा हात निघून जाईल. म्हणून अनसूया वरून मेण लावत राहिली. थरावर थर. भक्त येत, बॉनेटवर झेंडूची फुलं वाहत, कुणी कुंकवाचं बोट लावत. त्यावरही मेण. पहिल्यांदा त्यात तोंड दिसायचं. पुढं पुढं आकाशी रंगावर थिजल्या तुपासारखी पिवळी साय धरली. लोक म्हणायचे, काय तेज आहे! अनसूया मान खाली घालून ऐकायची आणि मनातून ताठ व्हायची.

मठाची गादी आक्कांकडं आली होती. आक्का म्हणजे मठाचा स्वयंपाक करणाऱ्या. बुवांनी जाताना त्यांच्याच हातात पळी देऊन सांगितलं होतं, “सांभाळा.” आक्का गादीवर कधी बसल्याच नाहीत. दर्शनाला येणाऱ्याला चुलीपर्यंत यावं लागे, आणि आलेल्याला बहुधा काहीतरी निवडायला बसावं लागे.

त्या दिवशी सकाळी झालं ते असं.

खालच्या वाडीची धोंडाबाई सुनेला घेऊन आली. सून पारू, दिवस भरत आलेले. धोंडाबाई पायरीवर टेकली, पदरानं वारा घेतला.

“अनसूताई, पोरीचं कवा काय हुईल सांगता येत न्हाई. दूधवाल्याचा टेम्पो हाय, पर त्यात कॅनं बी आदळत्यात अन् माणसं बी. येळ आली तर बुवांची गाडी मिळंल का?”

“गाडी आता निघत नाही, मावशी.”

“बिघडलीया?”

“नाही. इंजिन रोज चालू करते मी.”

“मग?”

“ती... बुवांची आहे.”

धोंडाबाईनं गाडीकडं बघितलं. बॉनेटवरच्या फुलांकडं बघितलं.

“माझ्या थोरलीच्या बाळंतपणाला ह्याच गाडीतनं गेलो की आपण. तूच हाकत हुतीस. तवा बी बुवांचीच हुती.”

अनसूयेनं मान फिरवली. पारू मात्र पोटावर हात ठेवून हसली. “ऱ्हाऊ द्या आत्या. माझं पोर चालत जाईल दवाखान्यात.”

दुपारी बाजारातला सादिक मिस्त्री आला. दाराच्या खालच्या कडेला फोड आल्यासारखं दिसत होतं, म्हणून अनसूयेनंच त्याला निरोप धाडला होता. मिस्त्री उकिडवा बसला. अंगठ्यानं दाबलं. मेणाची खपली निघाली आणि खालून तांबडा गंज भुरभुरला.

“ताई, वरून दुलई घातलीय तुम्ही, आत ओल. मेणाखाली पाणी कोंडलंय. पावसाळ्याच्या आत खरवडून रंग मारला नाही तर पत्रा हातात येईल.”

“मग मारा ना रंग.”

“मेणावर रंग धरत नाही. आधी सगळं मेण उतरवा. रॉकेलच्या फडक्यानं थोडं थोडं पुसायचं, मग साबणाच्या पाण्यानं धुवायचं. पाणी ओतून बघायचं. थेंब होऊन पळालं तर मेण आहे. पसरून थांबलं तर गेलं.” जाताना वळून म्हणाला, “आणि फडकी भरपूर घ्या.”

“कळतं मला,” अनसूया म्हणाली.

आणि तशीच चुलीपाशी आली होती.

आक्कांचे पावटे संपले. त्यांनी सूप बाजूला सारलं, गुडघ्यावर हात देऊन उठल्या, तांब्या घेतला.

“चल, दाखव तुझा हात.”

“माझा नाही, बुवांचा.”

“तोच.”

शेडचं पत्र्याचं दार ओढलं की किंचाळतं. अनसूया रोज ऐकते आणि रोज दचकते.

आक्कांनी बॉनेटवरची फुलं गोळा केली, ओच्यात घेतली. मग बॉनेटभर डोळे फिरवले.

“कुठं आहे?”

“खाली. सगळ्यात खालच्या थरात.”

“तू बघितलायस?”

“लावताना बघितलाय.”

“त्यानंतर?”

“त्यानंतर... वरून मेण आहे ना.”

आक्कांनी तांब्या कलता केला. पाणी बॉनेटवर पडलं, त्याचे मोती झाले, आणि मोती घरंगळत खाली पळाले. क्षणात बॉनेट कोरडं ठाक.

“पळालं,” आक्का म्हणाल्या.

“मेणावर पाणी ठरत नाही.”

“काहीच ठरत नाही?”

“धूळसुद्धा नाही. म्हणून तर लावतात.”

“बरंय की मग.” आक्कांनी तांब्या सरळ धरला. “पारूला काय सांगितलंस?”

हा प्रश्न येणार हे अनसूयेला ठाऊक होतं. तरी तो आल्यावर तिचा तोल गेला.

“आक्का, तुम्हाला नाही कळायचं. तुम्ही चुलीपाशी होतात. मी त्यांच्या शेजारी होते. घाटात, धुक्यात, रोज. ते शेजारी होते म्हणून माझा हात कापत नव्हता. आता तो एवढाच हात उरलाय माझ्यापाशी. तो गेला तर मी स्टिअरिंगला कुणाच्या जिवावर हात लावू?”

बोलून झाल्यावर तीच दचकली. आक्कांशी या सुरात मठात कुणी बोलत नसे.

आक्कांनी तांब्यात उरलेलं पाणी हलवून बघितलं.

“होय,” त्या म्हणाल्या. “मी चुलीपाशी होते.”

आणि गेल्या.

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं अनसूयेला रात्रभर वाटत राहिलं. पण त्या तांबड्या भुग्यानंही तिला झोपू दिलं नाही. हात जपायचा आणि ज्यावर हात आहे तो पत्राच गळून पडायचा... सकाळी उठून तिनं रॉकेलची बाटली आणली. आणि पेटीतून पिवळं फलालीचं फडकं काढलं. ती आणि बुवा ज्यानं गाडी पुसत, तेच.

दारापासून सुरुवात केली. मग टप, मग मागची डिकी. फडकं रॉकेलमध्ये बुडवायचं, पुसायचं, पिळायचं, पुन्हा तेच बुडवायचं. वर साबणाचं पाणी. उन्हं कलेपर्यंत तिचे खांदे भरून आले. बॉनेटला तिनं सगळ्यात शेवटी हात घातला, तोही डोळे मिटून.

पारू ताकाची लोटकी घेऊन मठात आली होती. जाता जाता शेडपाशी थांबली.

“गाडीला अभ्यंग चाललंय व्हय?”

“मेण काढतेय.”

“निघतंय का?”

“निघेल.”

“माझ्या सासूचं तोंड बंद करायला लावा थोडं, उरलं तर,” पारू म्हणाली आणि पोट सावरत, हसत हसत वळणाकडं गेली. चालताना ती एकदा थांबली, कमरेवर हात ठेवून. अनसूयेनं ते बघितलं आणि नजर फिरवली.

संध्याकाळी आक्का तांब्या घेऊन आल्या. बॉनेटवर पाणी ओतलं.

मोती झाले. पळाले.

आक्का परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी अनसूयेनं पुन्हा पहिल्यापासून धरलं. दार, टप, डिकी, बॉनेट. बोटांची सालं निघाली. रॉकेलच्या वासानं डोकं उठलं. मधेच सादिक मिस्त्री डोकावला. त्यानं दारावरून नुसतं बोट ओढलं आणि बोटाकडं बघितलं.

“ताई, आहे तसंच आहे.”

“दोन दिवस घासतेय मी!”

“घासताय खरं...” मिस्त्रीनं तिच्या हातातल्या फडक्याकडं बघितलं, काहीतरी बोलायला गेला, आणि तिचा चेहरा बघून थांबला. “बरं, मी येतो पुन्हा,” म्हणाला आणि सायकल काढली.

संध्याकाळी आक्का आल्या. पाणी ओतलं.

मोती.

अनसूया मडगार्डला पाठ टेकून खालीच बसली. आक्काही तिच्यासमोर मातीत बसल्या. दोघींच्या मधे फडकं. मूळचा पिवळा रंग कुठंच नव्हता. काळपट, चिकट, जड.

“फडकी किती घेतलीस?” आक्कांनी विचारलं.

“एक.”

“मिस्त्री काय म्हणाला होता?”

“भरपूर घ्या म्हणाला होता.”

“तुला कळलं नव्हतं?”

“कळलं होतं.” अनसूयेचा आवाज बारीक झाला. “फडकं भरलं की ते पुसत नाही, लावतं. इथलं तिथं, तिथलं इथं. ह्याला कॉलेजात जावं लागत नाही, आक्का. कळतं मला.”

“मग?”

शेळी ओरडली. घाटातून एक ट्रक गेला, त्याचा आवाज वळणापलीकडं विरला.

“मग... मला ते सगळं एका फडक्यात हवं होतं. बॉनेटवरचं काहीच बाहेर जायला नको होतं. काढून मी हे फडकं पेटीत ठेवणार होते. म्हणजे गाडी पण वाचली असती, आणि...”

तिनं फडकं ओढून मांडीवर घेतलं.

आक्का हसल्या नाहीत. उठल्या आणि आत गेल्या.

आतल्या खोलीत गादीच्या वर एक खुंटी आहे. तिच्यावर थोरल्या बुवांची कफनी टांगलेली असे. भगवी, धुऊन धुऊन फिकी पडलेली. गुरुवारी आलेली माणसं तिचं टोक डोळ्यांना लावत. तान्ह्या पोराला बरं नसलं तर बाया ते टोक पोराच्या कपाळावरून फिरवत.

आक्का ती कफनी घेऊन आल्या. दिवेलागणीच्या आधीच्या उजेडात त्यांनी कापड दोन्ही हातांनी धरलं, पोत चाचपला.

“मऊ आहे,” म्हणाल्या. “ओरखडे नाही उठायचे.”

आणि फाडली.

कापड फाटतानाचा तो आवाज... अनसूया ओरडलीच. “आक्का!”

“ओरडू नको. शेळी बिथरते.”

“अहो, बुवांची कफनी...”

“होय.” टर्रकन दुसरी पट्टी.

“उद्या गुरुवार आहे! लोक येतील. खुंटीकडं बघतील.”

“बघू देत.”

“काय दिसणार त्यांना?”

“खुंटी.”

तिसरी पट्टी. चौथी. आक्का एकेक पट्टी झटकून अनसूयेच्या मांडीवर टाकत होत्या. अनसूयेनं वर बघितलं तेव्हा तिला दिसलं की आक्कांचे हात कापताहेत. खरकटी भांडी, जळकी लाकडं, उकळतं आधण, कशाला म्हणून न कापणारे हात.

“आक्का... तुम्हाला काहीच वाटत नाही?”

आक्कांनी बाहीची शिवण दातानं तोडली.

“ही रोज मीच धुवायचे, बाय,” त्या म्हणाल्या. “रोज.”

त्या गेल्यावर अनसूया तशीच बसून राहिली. चुलीपाशी होते, म्हणाल्या होत्या. तिथूनच नदीवर जात असतील, बुवांच्या अंगावरची घाटाची धूळ बादलीत घेऊन. हे तिनं इतक्या वर्षांत कधी बघितलं नव्हतं, कारण त्या वेळी ती गाडीचं पाणी-तेल बघत असे.

फटफटताना तिनं पहिली पट्टी घेतली. हात उचलेना. मग रॉकेल ओतलं आणि दारावरून एकदाच ओढली. भगव्या कापडावर पिवळं, चिकट मेण आलं. पट्टी बाजूला टाकली. दुसरी घेतली. तिच्यावर कमी आलं. तिसरीवर आणखी कमी. साबणाचं पाणी पडलं तसं दारावर एक रंग उघडा झाला. तो आकाशी आहे हे ती विसरूनच गेली होती.

बॉनेट उरलं.

जिथं बुवांचा तळवा फिरला होता तिथं तिनं आपला तळवा टेकला. पत्रा थंड होता. बराच वेळ ती तशी उभी राहिली. मग तळवा उचलला आणि तिथं पट्टी ठेवली.

थर निघाले. कुंकवाची तांबूस कड निघाली. फुलांचे डाग निघाले. सगळ्यात खाली...

सगळ्यात खाली काही नव्हतं. नुसती गाडी होती.

नाही म्हणायला एक ओरखडा होता, बोटभर. शिकत असताना तिनं जांभळाच्या झाडाला घासली होती गाडी. उतरून ती रडायला लागली होती आणि बुवा बॉनेटवर वाकून तो ओरखडा निरखत म्हणाले होते, “अगं, दात आला हिला! आता चावेल कुणालातरी. चल, बस, संध्याकाळच्या आत पोचायचंय.”

हे तिला कितीतरी दिवसांत आठवलं नव्हतं. मेणाखाली गेलं होतं. ती एकटीच हसली, आणि नाक पुसायला गेली तर हाताला रॉकेल.

आक्का तांब्या घेऊन आल्या. पाणी ओतलं.

पाणी पसरलं. बॉनेटभर एकसंध, पातळ, ताणून अंथरलेल्या धोतरासारखं. कुठं पळालं नाही. त्यात शेडच्या पत्र्याची फट दिसत होती आणि फटीतून आलेला सकाळचा तुकडा.

“थांबलं,” अनसूया म्हणाली.

तांब्यात घोटभर उरलं होतं, ते आक्का प्यायल्या.

लोक आले, गुरुवारचे. खुंटी बघून काहींची कुजबूज झाली, एकदोघे न जेवताच उठले. वरच्या वाडीचे एक आजोबा मात्र नेहमीसारखे पुढं झाले, क्षणभर घोटाळले, आणि त्यांनी खुंटीलाच हात जोडले. आक्कांनी त्यांना पावट्याची आमटी वाढली. “तिखट झालीय का बघा,” म्हणाल्या.

सादिक मिस्त्री आला. गंज खरवडला, पत्रा घासला, अस्तर मारलं, रंग मारला. दाराची खालची कड बाकीच्या गाडीपेक्षा जरा ताजी दिसायला लागली. तो ओशाळला. “रंग तंतोतंत नाही जुळला, ताई. जुनं उन्हात मुरलंय.”

“असू दे,” अनसूया म्हणाली. “कळू दे की दुरुस्त केलीय.”

ते फलालीचं काळं फडकं तिनं स्वतःच नेऊन चुलीपाशी ठेवलं. सरपण ओलं होतं. आक्कांनी त्याला काडी लावली तसं ते भपकन पेटलं. त्या चहाला रॉकेलचा वास आला. दोघी निमूटपणे प्यायल्या.

मग एका सकाळी वळणावरून हाक आली.

“अनसूताई! ए अनसूताई!”

धोंडाबाई पारूला धरून चढण चढत होती. पारूचा चेहरा घामानं थबथबलेला. नेहमीचं हसू नव्हतं. पायरीपाशी येऊन ती खाली बसली आणि तिनं खांबाला मिठी मारली.

“टेम्पो कवाच गेला गं,” धोंडाबाई म्हणाली. बाकी काही मागितलं नाही तिनं.

अनसूया शेडकडं धावली. दार ओढलं, ते किंचाळलं, ती दचकली. किल्ली फिरवली. इंजिन पहिल्याच झटक्याला लागलं. पण स्टिअरिंगवर हात ठेवले तर ते लटलट कापायला लागले. शेजारच्या सीटकडं तिनं बघितलं. सीट रिकामी.

ती उतरली. आत पळाली. उशाखालून काहीतरी काढलं आणि तशीच परत आली.

तोवर आक्कांनी आणि धोंडाबाईनं पारूला मागच्या सीटवर बसवलं होतं. आक्का गाडीच्या पुढं उभ्या होत्या.

अनसूयेनं मूठ उघडली. कफनीचा गळ्याचा तुकडा होता, घामानं पिवळसर पडलेला, नीट घडी घातलेला.

“आक्का... हा एवढा मी वापरला नव्हता. लपवून ठेवला होता.” तिनं तुकडा पुढं केला. “पेटीत नको, उशाखाली नको. मला कळत नाही... हा मी कुठं ठेवू?”

पारू आतून कण्हली.

आक्कांनी त्या तुकड्याकडं बघितलं. मग गाडीकडं. मिस्त्रीच्या घासकामाची पांढरी धूळ अजून समोर जाड बसलेली होती, पलीकडची सीट धूसर, रस्ता धूसर.

“पुढची काच पुसायची राहिलीय, बाय.”